सत्कारमूर्ती सिंकखाली

मंत्री येणार म्हटलं की आमच्या शैलेशरावांची पाठ आपोआप ताठ होते. तो कुठल्या देशाचा, कुठल्या खात्याचा, आजी की माजी, ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मागे एकदा कुणी माजी राज्यमंत्री इथे कुवेतला मुलीकडे विश्रांतीसाठी आले होते. ह्यांनी त्यांना फिंतासच्या समुद्रावर फिरताना गाठलं आणि तिथेच वाळूत शाल पांघरवली. महिना जूनचा. माणूस घामाने निथळत होता, पण सत्काराची शाल लगेच काढणं बरं दिसत नाही म्हणून बिचारा तसाच गाडीपर्यंत चालत गेला. त्या प्रसंगाचा फोटो आमच्या हॉलमध्ये आहे.

अशा माणसाला एका संध्याकाळी खुद्द मंत्र्याने आपणहून फोन केला. मी भाजी निवडत होते. हे आधी ओरडले, मग उभे राहिले, मग फोन कानाला लावूनच घरभर फिरले आणि शेवटी माझ्यासमोर येऊन थांबले.

“विने, तांबे येतोय! शुक्रवारी! आपल्याकडे जेवायला!”

“कोण तांबे?”

“अगं, आपला तांबे! मिनिस्टर झालाय तो!”

हा तांबे म्हणजे सायमन तोंबे, मूळचा दक्षिण सुदानचा. लहान असताना लढाई गावात आली तेव्हा आईचा हात धरून चालत युगांडात गेला आणि तिथल्या निर्वासितांच्या छावणीत मोठा झाला. पुढे पोटासाठी खार्टुममार्गे कुवेतला आला आणि एका कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागला. कंपनीने त्याला रिग्गईतल्या ज्या खोलीत टाकलं तिथे आमचे हे, अशरफभाई आणि आणखी काही कोकणी मंडळी आधीपासून पाय पसरून राहत होती. तोंबे हे नाव त्या खोलीत आठवडाभरसुद्धा टिकलं नाही. आमच्या गुहागरकडे तांब्यांना काही तोटा नाही, त्यात आणखी एकाची भर पडली. हे तेव्हा प्लंबर होते. तांबे ह्यांच्या हाताखाली काम शिकला, अशरफभाईंच्या हाताखाली मासे तळायला शिकला आणि चिडल्यावर काय म्हणायचं ते दोघांकडून शिकला.

मी त्याला कधी पाहिलेलं नव्हतं. लग्न होऊन मी गावी सासूबाईंजवळ आणि हे इथे, अशीच आमची पहिली आठ वर्षं गेली. पण ह्यांच्या फोनमागून त्याचा आवाज यायचा. “वहिनी, जल्लं मेलं, भात करपला!” हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खोलीत कुणी चिपळूणचा नवा मुलगा आला असेल असं मला वाटलं होतं.

त्याचा देश स्वतंत्र झाला तसा तो परत गेला. तिकडे छावण्यांमध्ये मदतीची कामं करता करता लोकांनी त्याला पुढे केलं, आणि आता तो तिथल्या एका राज्याचा मदत आणि पुनर्वसन मंत्री होता. कुवेतमध्ये मदत देणाऱ्या संस्थांची बैठक होती, तिच्यासाठी आला होता. बैठक संपल्यावर शुक्रवारी त्याला आमच्याकडे येऊन मासे खायचे होते. फक्त मासे, असं तो फोनवर दोनदा म्हणाला होता. हे मला सगळं पार पडल्यावर कळलं.

कारण ह्यांनी फोन ठेवला तो मंडळाच्या अध्यक्षांना लावण्यासाठीच. इथल्या कोकणी लोकांच्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष मुकेशभाऊ. त्यांचा विजेच्या सामानाचा धंदा आहे आणि भाषण सुरू केलं की त्यांचं बटण कुणाला सापडत नाही. रात्रीच्या जेवणाआधी ते आमच्या घरी हजर झाले. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे अशरफभाई खाली आले आणि त्यांची बायको रुकय्या, माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण, तीही आली. सत्कार करायचा हे विचारण्याआधीच ठरलेलं होतं. हॉल मिळायला परवानगी लागते आणि तेवढा वेळ नव्हता, म्हणून सत्कार आमच्याच घरात करायचा असं ठरलं. माझं जेवणाचं टेबल व्यासपीठ झालं आणि माझी नवी कोरी चादर त्याच्यावर गेली. शालींची चिंता नव्हती. मंडळाच्या शाली आमच्याच कपाटात असतात, त्यामुळे माझे कपडे सुटकेसमध्ये असतात.

“पण निवेदनं कोण लिहिणार?” मुकेशभाऊंनी विचारलं.

“कसली निवेदनं?” मी म्हटलं.

“वहिनी, मंत्री येणार आणि आपण निवेदन देणार नाही?”

मुकेशभाऊंच्या गावचा ओढ्यावरचा साकव दोन पावसाळ्यांपूर्वी वाहून गेला होता. त्याचं निवेदन त्यांनी आजवर दोन आमदारांना, एका खासदाराला आणि त्या शालवाल्या माजी राज्यमंत्र्यांना दिलं होतं. अशरफभाईंना रत्नागिरीला थेट विमान हवं होतं. रुकय्याने फिंतासमध्ये पार्किंगची सोय व्हावी असं लिहिलं.

“बाबा, ही इज नॉट ईव्हन अवर मिनिस्टर,” आमची तेजस्वी सोफ्यावरून म्हणाली. ती चौदा वर्षांची आहे आणि मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत उत्तर देणं तिने सोडून दिलं आहे.

“मंत्री तो मंत्री,” हे म्हणाले. “वरच्या लेव्हलला सगळे एकमेकांना ओळखतात.”

मी हसत होते खरी, पण मला ह्यांची दयाही येत होती. मी इथे आले तोवर हे सुपरवायझर झाले होते. अहमदीत ऑफिस, गळ्यात टाय, हाताखाली माणसं. गावात आम्ही पेढे वाटले होते. पण बढती झाल्यापासून ह्यांचं नेमकं काम काय हे मला कधी कळलं नाही, आणि मला वाटतं त्यांनाही कळलं नसावं. दिवसभर फोनवर सांगायचं, माणूस पाठवतो. घरी येऊनही तेच. आमच्या स्वयंपाकघरातलं सिंक खालून गळायला लागून कितीतरी महिने झाले होते. मी सांगितलं की हे म्हणायचे, “उद्या माणूस पाठवतो.” प्लंबरच्या घरात मी सिंकखाली आइस्क्रीमचा रिकामा डबा ठेवून दिवस काढत होते आणि तो माणूस काही आला नव्हता. ह्यांचा सगळा जीव मग मंडळात जायचा. निदान तिथे शाल पांघरवायला तरी स्वतःचे हात लागतात.

शुक्रवार उजाडला. मी आणि रुकय्याने पापलेटचं कालवण केलं, सुरमईला तळण्यासाठी मसाला लावून ठेवला. बॅनर आला. त्याच्यावर ‘माननीय नामदार सायमन तोंबे साहेब’ असं होतं आणि फोटो रिग्गईच्या खोलीतला जुना, बनियनवरचा होता. छापणाऱ्याने बनियनवर कोट चढवला होता, पण बाजूला अशरफभाईंचा अर्धा खांदा तसाच राहिला होता.

मंत्री टॅक्सीने आला. मागेपुढे कुणी नाही. उंच, केस पांढरे व्हायला लागलेले, साधा काळा कोट, हातात मधाची बाटली. हे हार घेऊन लिफ्टशी उभे होते तर तो जिन्याने आला आणि थेट दारात माझ्यासमोर.

“वहिनी! फोनवर आवाज एवढा मोठा, मला वाटलं माणूसपण मोठं असेल!”

ज्याला कधी पाहिलं नाही त्याला पाहून आपल्या माहेरचं कुणी आल्यासारखं वाटावं, ह्याचं मला नवलच वाटलं. त्याचं बोलणं हिंदी, अरबी आणि आमच्याकडची बोली ह्यांचं कालवण होतं. इथे मी ते सरळ करून लिहिते आहे.

“माशाचा वास येतोय,” तो म्हणाला आणि स्वयंपाकघराकडे वळला. तेवढ्यात ह्यांनी त्याचा दंड धरला.

“साहेब, इकडे. आधी कार्यक्रम.”

“साहेब कोण?” तांब्याने मागे वळून पाहिलं.

त्याला टेबलामागे बसवलं. हार झाला, शाल झाली, नारळ झाला. मग मुकेशभाऊ उठले आणि कोकणच्या इतिहासापासून सुरुवात केली. वीस-बावीस माणसं आमच्या हॉलमध्ये कोंबून बसली होती. एसीने हात टेकले होते आणि सत्कारमूर्ती लोकरीच्या शालीत बसून होते. त्यानंतर हे बोलले. “ज्यांच्या खांद्याला खांदा लावून मी काम केलं” असं ह्यांनी म्हटलं, तेवढं मात्र खरं होतं. पण मंत्र्याचं लक्ष भाषणात नव्हतं. त्याने मान एका बाजूला कलती केली होती आणि तो काहीतरी ऐकत होता.

मग निवेदनं. मला वाटलं आता ह्या भल्या माणसाची पंचाईत होणार. ह्यांनी त्याला आधीच कानात सांगून ठेवलं होतं, “नुसतं बघतो म्हणा, आमच्याकडे तसंच म्हणतात.” पण तांब्याने मुकेशभाऊंचं निवेदन हातात घेतलं, तेजस्वीकडून त्याचा अर्थ समजून घेतला आणि विचारलं, “साकव किती लांबीचा होता?”

मुकेशभाऊंनी इतक्या लोकांना निवेदनं दिली, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलेला नव्हता.

“खाली पाणी जोरात येतं की नुसतं वाढतं? काठ मातीचा की दगडाचा? आमचेपण गेले सगळे. आम्ही पिंपांवर फळ्या बांधून तात्पुरता केला, थांबा दाखवतो.” तो फोन काढून फोटो दाखवायला लागला आणि मुकेशभाऊ त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. अर्ध्या तासाने अध्यक्षांनी गावी भावाला फोन लावून पिंपांची चौकशी सुरू केली होती. विमानाच्या निवेदनाला तांबे म्हणाला, “अशरफ, मला स्वतःच्या राज्यात जायला थेट विमान नाही.” पार्किंगचं वाचून तो इतका हसला की रुकय्याने ते परतच घेतलं.

त्या गडबडीत तो उठला आणि हात धुऊन येतो म्हणून आत आला. मी सुरमई तव्यावर टाकत होते. त्याने सिंकखालचं दार उघडलं, आइस्क्रीमचा डबा पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

“वहिनी, हे घर कुणाचं?”

“प्लंबरचं.”

“जल्लं मेलं,” मंत्री म्हणाला. “तिथून ऐकतोय मी. पाने कुठे आहेत?”

ह्यांची हत्यारांची पिशवी पलंगाखाली, हिवाळ्याच्या रजयांच्या मागे होती. मी ती ओढत आणली तोवर त्याने कोट काढून खुर्चीला लावला होता आणि तो फरशीवर पाठ टेकून सिंकखाली शिरला होता. शाल काढायची मात्र विसरला होता. बाहेर फक्त लांबलचक पाय आणि शालीची झालर दिसत होती.

हे आत आले आणि दारातूनच ओरडले. “साहेब! अहो उठा! मी उद्याच माणूस पाठवतो!”

“टॉर्च धर,” आतून आवाज आला.

ह्यांनी मोबाइलचा टॉर्च धरला. आतून खडखड, खडखड. तांबे पाइपाचा नट बसवू बघत होता आणि तो दर वेळी तिरका जात होता. एकदा झालं, दोनदा झालं. हे वाकून बघत होते. त्यांचा चेहरा मला दिसत होता. आधी त्याच्यावर काळजी होती, मग चुळबुळ, आणि मग मी कधी न पाहिलेला एक राग.

“अरे गाढवा, आटे मारशील त्याचे! इतकं शिकवलं त्याचं हेच काय? सर बाजूला!”

टाय खांद्यावर टाकून हे सिंकखाली गेले. तांबे हसत बाहेर सरकला आणि आता त्याने टॉर्च धरला.

मी तव्याखालचा गॅस बंद केला. का केला मला माहीत नाही, पण मला नीट बघायचं होतं. ह्यांनी डोळे मिटले. हो, डोळे मिटले आणि बोटांनी नट चाचपला. मग तो आधी उलटा फिरवला, अगदी हळू. कुठेतरी बारीकसं ‘टक्’ झालं. मग सुलटा फिरवला आणि तो लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. हे काहीतरी गुणगुणत होते. एक शब्द बोलत नव्हते. आमचे हे! जे झोपेतसुद्धा “सन्माननीय व्यासपीठ” म्हणतात.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या नवऱ्याला काम करताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी गावी होते तेव्हा ह्यांचा फक्त आवाज यायचा, आणि मी आले तोवर हे माणसं पाठवणारे झाले होते. मला लाज वाटली, आनंद झाला आणि थोडा रागही आला, की हा माणूस इतके दिवस कुठे ठेवला होता ह्यांनी.

सिंकखालचं टपटप थांबलं. हे उठून बसले, हात पुसले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघितलं.

तांबे तिथेच फरशीवर मांडी घालून बसला होता, शाल पांघरून. “मिस्त्री,” तो म्हणाला. ह्यांना आता मिस्त्री कुणी म्हणत नाही. “तू मला हे शिकवलंस तेव्हा आपल्याला एकमेकांची भाषा येत नव्हती. उलटा, टक्, सुलटा. मी तिकडच्या पोरापोरींना हेच शब्द शिकवलेत. पण मी अर्धाच प्लंबर आहे. जेवढं येत होतं तेवढं शिकवून संपलं.”

“बरं मग?” हे म्हणाले.

“दोन दिवस बैठक झाली. पाइप मिळाले, पंप मिळाले, टाक्या मिळाल्या. गेल्या वेळीही मिळाले होते. ते आवारात पडलेत आणि मुलं त्यांच्यावर घसरगुंडी खेळतात. जोडणारा नाही. शिकवायला बाहेरून लोक येतात, पडद्यावर चित्रं दाखवतात आणि जातात. सीमेपलीकडच्या सुदानातल्या लढाईतून रोज नवीन माणसं येतायत. नदीचं पाणी पितात. ह्या पावसात आमच्या छावणीत कॉलरा झाला.” तो ह्यांच्याकडे सरकला. “तीन महिने ये. माझ्या पोरांना हाताने शिकव. मी मासे खायला आलो होतो हे खरं आहे, पण हे मागायलापण आलो होतो. तुम्ही मला बोलूच दिलं नाही.”

एव्हाना अशरफभाई आणि रुकय्या दारात येऊन उभे होते. हॉलमध्ये मुकेशभाऊ आभारप्रदर्शनाला उभे राहिल्याचा आवाज येत होता.

ह्यांनी खांद्यावरचा टाय पुढे ओढला. “अरे, मी… आता सुपरवायझर आहे रे. रजा कोण देणार?”

“तुझी चार वर्षांची रजा पडून हाय,” अशरफभाई दारातून म्हणाले. ते एका कंपनीत मंदूब आहेत, म्हणजे सरकारी कचेऱ्यांमधली कामं करणारा माणूस. त्यांच्यासमोर कागदाची सबब सांगणं म्हणजे हलवायाला गोड नको म्हणण्यापैकी.

“पण इथे राहायचा इकामा जाईल ना माझा!”

“सहा महिने बाहेर राहिलास तर जाईल. तीन महिन्यांनी काय होत नाय.”

“तेजूची परीक्षा…”

“बाबा, यू डोन्ट ईव्हन नो विच ग्रेड आय ॲम इन,” तेजस्वी रुकय्याच्या मागून म्हणाली.

सबबी संपल्या. मग ह्यांनी ती शेवटची काढली, जी प्रत्येक नवरा शेवटी काढतो.

“विनिताला विचारावं लागेल.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तांबे उभा राहिला. त्याने शाल नीट केली, दोन्ही हात जोडले, आणि बाहेर मुकेशभाऊ त्याच्यासमोर जसे वाकून उभे राहिले होते अगदी तसा माझ्यासमोर उभा राहिला.

“वहिनी, माझं एक निवेदन आहे.”

रुकय्या फिसकन हसली. मला हसू आलं नाही. मी ह्यांच्याकडे पाहिलं, आणि ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते तिचा अर्थ मला लगेच कळला. ‘नाही म्हण’ असं ती नजर सांगत होती. मी नाही म्हटलं असतं तर सगळ्यांचीच सोय झाली असती. ह्यांना जन्मभर सांगता आलं असतं की मी निघालोच होतो, बायकोने अडवलं. मला नवरा घरात राहिला असता. आणि खरं सांगते, मलाही मनापासून नाहीच म्हणायचं होतं. ज्या मुलखाचं नाव बातम्यांत आलं की मी चॅनेल बदलते, तिथे नवऱ्याला पाठवायचं? आठ वर्षं मी फोनवर संसार केला होता. आता कुठे ह्यांच्या घोरण्याची सवय झाली होती. ‘बघते’ म्हणून वेळ मारून नेणं मलाही जमलं असतं. पण हा माणूस साकवाची लांबी विचारणारा होता. त्याच्या तोंडावर ‘बघते’ म्हणवेना.

आणि आत्ताच मी ह्यांना सिंकखाली डोळे मिटून पडलेलं पाहिलं होतं. ते पाहिलेलं आता न पाहिल्यासारखं कसं करायचं?

“जातील,” मी म्हणाले.

“अगं, पण…” हे म्हणाले.

“तांबेभाऊजी, ह्यांना पित्त होतं. रिकाम्या पोटी ठेवू नका. आणि भाषण करू देऊ नका, नाहीतर पोरं पळून जातील.”

तांब्याने माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताला सिंकखालचा काळा चिखल. तो माझ्या नव्या साडीला लागला. मी पुन्हा गॅस पेटवला, कारण मलाही रडू येत होतं आणि तव्याकडे तोंड केलं की ते कुणाला दिसत नाही. मग आम्ही सगळे जेवलो. मंत्र्याने काटे चोखून चोखून मासे खाल्ले. मुकेशभाऊंच्या उशिरा लक्षात आलं की ते रिकाम्या हॉलचे आभार मानत होते.

पाहुणे गेल्यावर हे बराच वेळ टेबलावरची चादर घडी करत बसले. ती घडी काही जमेना.

“विने,” ते शेवटी म्हणाले, “तू नाही म्हणशील असं वाटलं होतं मला.”

“माहीत आहे.”

“मला भीती वाटते. लढाईची नाही गं. म्हणजे तिचीपण वाटते. पण तिथे गेलो आणि हात चाललेच नाहीत तर? दहा वर्षं पाना धरला नाही मी. पोरं हसतील.”

हा माणूस इतक्या वर्षांत माझ्याशी इतकं खरं कधीच बोलला नव्हता. मी चादरीचं दुसरं टोक धरलं. “मलाही भीती वाटते,” मी म्हटलं. “तुम्ही राहिलात तरी ती कमी होणार नाही. मग तुम्ही इथे बसून त्या पाइपांचा विचार करत राहाल आणि मी तुमचा.”

पुढचं सगळं अशरफभाईंनी केलं. रजा, तिकीट, व्हिसा, टोचून घ्यायची इंजेक्शनं. मंडळाने ह्यांचा सत्कार करायचं ठरवलं, तर हे चक्क नको म्हणाले. मुकेशभाऊंना वाटलं ह्यांची तब्येत बरी नाही.

निघायच्या दिवशी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. ह्यांनी टाय घातला नव्हता. हत्यारांची पिशवी इतकी जड झाली होती की सामान घेणाऱ्या मुलीने ती उघडायला लावली, आणि हे तिला एकेक पाना काढून त्याचा उपयोग समजावून सांगायला लागले. मागची रांग वैतागली. शेवटी अशरफभाईंनी त्यांना ओढून पुढे केलं.

गावी असताना मी दर वेळी ह्यांना एसटी स्टँडवर सोडायला जायचे. सासूबाई बरोबर असायच्या. गाडी हलली की हे खिडकीतून ओरडून विचारायचे, “येताना काय आणू?” आणि मी काहीतरी सांगायचे. बदाम, अत्तर, अंगाचा साबण. सासूबाईंसमोर दुसरं काही सांगायची सोय नव्हती. पुढे वर्षाने ते सगळं यायचं, आणि मी ते कपाटात ठेवायचे.

आता दारातून आत जाताना हे वळले. त्यांनी हात वर केला, आणि सवयीने असेल, तोंडातून तेच निघालं.

“विने, येताना काय आणू?”

अशरफभाई मोठ्याने हसले. तेजस्वीने डोळे फिरवले आणि “बाबा, सीरियसली?” म्हणाली. ह्यांचं ह्यांनाही हसू आलं, कारण जिथे जात होते तिथून आणण्यासारखं काय असणार.

“तुम्ही या,” मी म्हणाले.

एसटी स्टँडवर प्रत्येक वेळी मला हेच म्हणायचं होतं.